वारा समुद्रावर, वजन धक्क्यावर

साताऱ्याहून ठोसेघरमार्गे चाळकेवाडीच्या पठारावर जाताना पवनचक्कीचं पातं घेऊन चढणारा ट्रेलर ज्यांना कधी आडवा आला असेल, त्यांना या लेखातली अर्धी गोष्ट आधीच ठाऊक आहे. पातं एकच. पण त्याच्यापुढे एक जीप, मागे एक जीप, वळणावर उतरून शिट्ट्या मारणारी दोन-तीन माणसं आणि पाठीमागे खोळंबलेल्या गाड्या. ट्रेलर पुढे सरकतो, थांबतो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो. पात्याचं टोक दरीवरून फिरतं. वर पठारावर वारा कितीही असला, तरी चक्की केवढी बसवायची हे खालच्या घाटातलं सर्वांत अवघड वळण ठरवतं.

समुद्रात घाट नाही. म्हणून तिथल्या पवनचक्क्या वाढतच गेल्या. १९९१ साली डेन्मार्कमध्ये विंडेबी इथे जगातला पहिला समुद्री पवनप्रकल्प उभा राहिला तेव्हा त्यात ११ चक्क्या होत्या, एकेक ४५० किलोवॅटची. अकराच्या अकरा मिळून पाच मेगावॅटही भरत नव्हत्या. आज अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्यापलीकडे ‘व्हिनयार्ड विंड’ नावाचा प्रकल्प आहे. तिथली एकच चक्की १३ मेगावॅटची आहे. अशा ६२ चक्क्या, एकूण ८०६ मेगावॅट.

यातलं एक पातं १०७ मीटर लांब. मुंबईच्या लोकलचे पाच डबे एकामागे एक लावले तर त्याहून थोडं जास्तच. पातं सरळ वर असतं तेव्हा त्याचं टोक पाण्यापासून अडीचशे मीटरच्या आसपास जातं. मनोऱ्याच्या माथ्यावर जनित्र आणि बाकीची यंत्रं असलेली जी खोली असते तिला नॅसेल म्हणतात. तिचं वजन ६०० टनांच्या वर. रिकाम्या साठेक एसटी बसगाड्या एकत्र बांधून पन्नास मजल्यांच्या इमारतीच्या छतावर ठेवायच्या, आणि ते करायचं भर समुद्रात.

आपल्याकडे समुद्री पवनऊर्जेवर जे छापून येतं ते बहुतेक वाऱ्याबद्दल आणि युनिटच्या दराबद्दल असतं. ते महत्त्वाचं आहेच. पण हे ६०० टन आधी कुठे उतरवायचे, कोणत्या जमिनीवर ठेवायचे, कोणी उचलायचे आणि त्या बंदरात आधीपासून पोट भरणाऱ्या माणसांनी त्याला जागा का द्यायची, यावर प्रकल्प उभा राहतो किंवा कागदावरच राहतो. तीसेक एकरांच्या एका धक्क्यावर हे सगळं बघता येतं, म्हणून तिथेच जाऊ.

न्यू बेडफर्ड

मॅसॅच्युसेट्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं न्यू बेडफर्ड हे एकोणिसाव्या शतकात देवमाशांच्या शिकारीचं मोठं बंदर होतं. विजेच्या आधीच्या काळात देवमाशाच्या तेलावर दिवे जळत आणि त्या तेलाच्या पैशावर हे गाव गडगंज झालं. शहराच्या मुद्रेवर लॅटिनमध्ये अजूनही ब्रीद आहे: ‘मी प्रकाश पसरवतो.’ पुढे जमिनीतून खनिज तेल निघू लागलं आणि देवमाशांचा धंदा बसला. मग कापडगिरण्या आल्या आणि गेल्या. मासेमारी मात्र टिकली. स्कॅलप नावाच्या शिंपल्यांच्या जोरावर, माल किती किमतीचा उतरतो या हिशेबात हे बंदर अमेरिकेत वर्षानुवर्षं पहिलं राहिलं आहे.

या बंदराला एक जखमही आहे. १९४०च्या दशकापासून १९७०च्या दशकापर्यंत इथल्या विजेच्या कपॅसिटरच्या कारखान्यांनी पीसीबी नावाचं विषारी रसायन पाण्यात सोडलं. ते तळाच्या गाळात बसलं. हा गाळ उपसून स्वच्छ करण्याचं काम सरकारला अनेक दशकं करावं लागलं आणि बंदराच्या आतल्या पाण्यातले मासे खाण्यावर बंधनं आली. मच्छीमारांच्या गावात आपल्याच दारातला मासा खाता येत नाही, हे ज्यांच्या वाट्याला आलं त्यांनी पुढे कोणत्याही नव्या प्रकल्पाकडे संशयाने पाहिलं तर मला ते अगदी रास्त वाटतं.

२००१ साली ‘केप विंड’ नावाचा प्रस्ताव आला. नॅन्टकेटच्या आखातात १३० चक्क्या. किनाऱ्यावरच्या श्रीमंत बंगलेवाल्यांपासून काही मच्छीमारांपर्यंत अनेकांचा विरोध झाला आणि खटल्यांमागून खटले चालले. २०१५च्या जानेवारीत वीज विकत घेण्याचे करार तुटले आणि २०१७ साली प्रस्ताव अधिकृतपणे गुंडाळला गेला. पण याच प्रस्तावाच्या भरवशावर राज्य सरकारने न्यू बेडफर्डमध्ये एक खास धक्का बांधायला घेतला होता. विषारी गाळ काढून, जमीन भरून, घट्ट करून तो २०१५ साली पुरा झाला. प्रकल्प गेला आणि त्याच्यासाठी बांधलेला धक्का मागे राहिला. पवनचक्कीचं सामान त्याच्यावर पहिल्यांदा उतरलं ते २०२३च्या मे महिन्यात, व्हिनयार्ड विंडसाठी. मधली आठ वर्षं लोकांनी त्या धक्क्यावरून सरकारला बरंच सुनावलं. माझं मत असं की तो आधी बांधला हेच बरोबर झालं. कारण चक्की बाहेरून मागवता येते, पण बंदराची जमीन जागेवरच तयार करावी लागते आणि त्याला वर्षं जातात.

जमिनीला वजन पेलतं म्हणजे काय

घराची स्लॅब आखताना इंजिनिअर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. माणसं, कपाट, पलंग, पाहुणे, सगळं त्यात येतं. न्यू बेडफर्डचा धक्का चौरस मीटरला २० टन पेलेल असा बांधला आहे. शंभरपट.

एवढं कशाला? मनोऱ्याचे भाग धक्क्यावर आडवे नाही, उभे करून ठेवतात. शेकडो टनांचा तो नळकांडा खालच्या लोखंडी कड्यावर उभा असतो, म्हणजे सगळं वजन एका अरुंद वर्तुळावर. त्यात वारा आला की एका बाजूला जास्त दाब. त्याहून कठीण प्रकरण क्रेनचं. रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी क्रॉलर क्रेन ओझं उचलून बाजूला वळते तेव्हा तिचं स्वतःचं आणि ओझ्याचं बहुतेक वजन एकाच पट्ट्यावर, त्यातही पट्ट्याच्या एका टोकावर येतं. खालची जमीन एका बाजूला फक्त एक अंश कलली, तर शंभर मीटर उंचीवरचं क्रेनचं टोक पावणेदोन मीटर सरकतं. त्या टोकाला नॅसेल लटकत असेल तर काय होईल, ते क्रेनवाल्याला सांगावं लागत नाही. म्हणून अशा धक्क्यावर भराव, दगड, खाली ठोकलेले लोखंडी पत्रे हे सगळं आधी नीट झालं पाहिजे. साध्या कंटेनरच्या धक्क्यावर हे काम जमेल असं धरून चालता येत नाही.

आणि जागा. ६२ चक्क्यांची १८६ पाती होतात. एकेक १०७ मीटरचं. तीस एकर ऐकायला मोठं वाटतं, पण तेवढ्यात सगळी पाती, मनोरे, नॅसेल आणि क्रेनचे रस्ते एका वेळी मावत नाहीत. म्हणून माल टप्प्याटप्प्याने आणावा लागतो: परदेशातून जहाज आलं, उतरवलं, जोडणी झाली, समुद्रात गेलं, की पुढचं जहाज. मधला एक टप्पा अडला तर मागचं-पुढचं सगळं अडतं. लग्नाच्या पंगतीत एक पंगत उठल्याशिवाय दुसरी बसवता येत नाही, तसं.

न्यू बेडफर्डची आणखी एक अडचण आहे. वादळापासून बचाव म्हणून १९६६ साली बंदराच्या तोंडावर दगडी भिंत बांधली. तिच्यातून जहाजांना जायला १५० फुटांची, म्हणजे जवळपास ४६ मीटरची फट आहे. वादळ आलं की तिचे दरवाजे मिटतात. ही भिंत गावाला जपते, पण पवनचक्कीचा प्रत्येक तुकडा याच फटीतून न्यावा लागतो. पाती लांबीच्या दिशेनेच जातात आणि जहाजाची रुंदी मोजून ठरवावी लागते. चाळकेवाडीच्या घाटातलं वळण इथे पाण्यावर भेटलं म्हणायचं.

एक रुपयाच्या नोटेवरचे पाय

आता समुद्रातलं काम. घरात एक रुपयाची नोट असेल तर तिची मागची बाजू बघा. समुद्रात पाय रोवून उभं असलेलं एक यंत्र दिसेल. ते ‘सागर सम्राट’. १९७४ साली मुंबईच्या पश्चिमेला बॉम्बे हायमध्ये तेल लागलं ते याच यंत्राने केलेल्या खोदकामातून. सागर सम्राटला लांब पाय होते. जागेवर जाईपर्यंत पाय वर उचललेले. जागेवर पोचलं की पाय खाली सोडायचे, ते तळात रुतले की यंत्राचं अंगच त्या पायांवर वर चढवायचं, इतकं वर की लाटा खालून जातील. मग समुद्र हलतो, यंत्र हलत नाही.

पवनचक्क्या बसवणारी जहाजं याच कल्पनेवर चालतात. त्यांना जॅक-अप म्हणतात. व्हिनयार्ड विंडसाठी आलेल्या ‘सी इन्स्टॉलर’ नावाच्या जहाजाची क्रेन आधी ९०० टनांची होती. एवढ्या मोठ्या चक्क्या उचलायच्या म्हणून तिच्या जागी १,६०० टनांची क्रेन बसवावी लागली. जहाज जागेवर जातं, पाय रोवतं, वर चढतं आणि चक्की उभारायला लागतं. आधी मनोऱ्याचे तीन भाग, मग नॅसेल, मग एकेक करून तीन पाती. सात उचल. त्याआधी पाया घातलेला असतो: सुमारे चाळीस मीटर खोल पाण्यात तळात ठोकलेला प्रचंड लोखंडी नळ. त्याला मोनोपाइल म्हणतात. हे काम पाय नसलेलं, तरंगणारं ‘ओरायन’ हे वेगळं जहाज करतं. त्याची क्रेन ५,००० टनांची आहे.

युरोपात हे तुलनेने सरळ चालतं. डेन्मार्कचं एस्बियर बंदर घ्या. १८६८ साली सुरू झालेलं, पुढे मासेमारीवर वाढलेलं, १९७०च्या दशकापासून उत्तर समुद्रातल्या तेलाच्या कामात मुरलेलं. २००२ साली जवळच हॉर्न्स रेव्ह इथे ८० चक्क्यांचा प्रकल्प झाला तेव्हापासून ते पवनचक्क्यांचं बंदर झालं. तिथे जॅक-अप जहाज धक्क्यालाच येतं, काही चक्क्यांचे सगळे भाग अंगावर घेतं आणि समुद्रात जातं.

अमेरिकेत असं करता येत नाही, आणि याला कारण एक जुना कायदा. १९२०च्या जोन्स कायद्याप्रमाणे अमेरिकेतल्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी माल न्यायचा तर जहाज अमेरिकेत बांधलेलं, अमेरिकी मालकीचं आणि अमेरिकी खलाशांचं हवं. समुद्राच्या तळात ठोकलेला पायाही कायद्याने ‘ठिकाण’ ठरतो. सी इन्स्टॉलर परदेशी. म्हणजे ते समुद्रात उभं राहून उचलू शकतं, पण न्यू बेडफर्डच्या धक्क्यावरून माल घेऊन तिथवर जाऊ शकत नाही. तोडगा असा निघाला की एका चक्कीचे सगळे भाग अमेरिकी बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू बोटीवर, चढवायचे, टगबोटीने ती बार्ज त्या फटीतून बाहेर ओढत न्यायची, परदेशी जहाजाशेजारी उभी करायची आणि मग बार्जवरून उचलायचं.

कागदावर साधं वाटतं. पण जहाज पायांवर स्थिर आणि बार्ज लाटेवर वरखाली. भाऊच्या धक्क्यावर, गोदीत, इमारतीच्या कामावर क्रेनला इशारा करणारी माणसं अजूनही ‘हबेस’ म्हणाली की वर आणि ‘आरिया’ म्हणाली की खाली. त्या एका ‘हबेस’ची वेळ इथे सगळं ठरवते. नॅसेलचा दोर ताणला गेला आणि बार्ज लाटेच्या खोलगट भागात असताना उचल सुरू झाली, तर पुढची लाट बार्जला वर आणते आणि ती खालून नॅसेलवर आदळते. म्हणून बार्ज लाटेच्या माथ्यावर असताना ओझं सुटलं पाहिजे, आणि बार्ज खाली जाते तेवढ्या अवधीत ते पुरेसं वर गेलं पाहिजे. काही सेकंदांचा खेळ. त्या आधी तासन्‌तास लाटा मोजत थांबणं. पात्यांचं तर वाऱ्याशीच वैर. पातं वारा धरण्यासाठीच घडवलेलं असतं, ते क्रेनला टांगल्यावरही वारा धरतंच. वारा जरा वाढला की काम थांबतं. उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्यात असे दिवसच्या दिवस जातात आणि भाड्याने आणलेल्या जहाजाचं मीटर चालू असतं.

अमेरिकी कायद्यात बसणारं जॅक-अप जहाज अखेर बांधलं गेलं, टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिलच्या गोदीत. नाव ‘करिब्डिस’. खर्च ५० कोटी डॉलर धरला होता, तो ७० कोटींच्या वर गेला. २०२५ साली ते व्हर्जिनियातल्या प्रकल्पासाठी दाखल झालं. कायदा स्थानिक कामगारांना जपण्यासाठी होता आणि त्याने टगबोटी, बार्ज, गोदी यांना खरंच काम दिलं. त्याच कायद्याने उचलण्याचं काम अधिक धोक्याचं आणि महागही केलं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि स्थानिकांना काम द्या असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने, माझ्यासकट, हा हिशेब समोर ठेवायला हवा.

एक गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेतला पहिला समुद्री पवनप्रकल्प ऱ्होड आयलंड राज्यात ब्लॉक आयलंडजवळ २०१६ साली झाला. फक्त पाच चक्क्या. त्यांच्या पायाचे लोखंडी सांगाडे लुइझियानात, मेक्सिकोच्या आखातात तेलाच्या विहिरींसाठी सांगाडे करणाऱ्या कारखान्यात घडले. उचलण्याच्या कामालाही लुइझियानाच्या तेलवाल्या बोटी आल्या. बेट छोटं, वर्षानुवर्षं डिझेलच्या जनरेटरवर चाललेलं. १ मे २०१७ रोजी ते जनरेटर बंद झाले. बेटावर राहणाऱ्यांना त्या दिवशी फायदा कोणी समजावून सांगावा लागला नाही, आवाज थांबल्यावर तो कळला.

धक्क्यावरची माणसं

‘स्थानिकांचा पाठिंबा’ हा शब्द सरकारी कागदांत फार सैल वापरतात. जनसुनावणी झाली, सह्या झाल्या, पाठिंबा मिळाला. न्यू बेडफर्डमध्ये त्याचे निदान चार वेगळे अर्थ निघाले.

पहिला कामगारांचा. व्हिनयार्ड विंडने २०२१ साली तिथल्या बांधकाम कामगार संघटनांशी करार केला. धक्क्यावर सामान चढवणं-उतरवणं स्थानिक गोदी कामगारांच्या संघटनेकडे आलं. यातली मेख अशी की उभारणीचं काम काही वर्षांतच संपतं, देखभालीचं मात्र वीस-पंचवीस वर्षं चालतं. म्हणून देखभालीचा तळ कोणाच्या गावात, यासाठी खरी चुरस असते. तो मार्थाज व्हिनयार्ड बेटावर गेला. न्यू बेडफर्डमध्ये कम्युनिटी कॉलेजने समुद्री पवनऊर्जेची प्रशिक्षण संस्था काढली. चक्कीवर काम करणाऱ्याला उंचीवर दोराने लटकून काम करणं, पाण्यात पडल्यावर तग धरणं, जखमी साथीदाराला खाली उतरवणं हे यावंच लागतं. हे शिकवायची सोय गावात नसेल, तर नोकऱ्या गावात आल्या तरी माणसं बाहेरून येतात.

दुसरा अर्थ छोट्या धंद्यांचा. टगबोटी, वेल्डिंग, डिझेल, डबे, राहण्याच्या खोल्या. जुन्या वीजकेंद्राच्या जागेवर आणखी एक नवा धक्का उभा राहिला. हे आपोआप होतं, त्यावर जास्त लिहायला नको.

तिसरा मच्छीमारांचा. हा सर्वांत कठीण. स्कॅलपची बोट तळावर जड लोखंडी जाळं ओढत जाते. मधे खांब आणि खांबांना जोडणाऱ्या केबली आल्या की ओढण्याच्या वाटा बदलतात. चक्क्यांमुळे बोटीच्या रडारवर भलतेच ठिपके दिसतात. धुकं आणि वादळ असताना ही जिवाची गोष्ट आहे. चक्क्या पूर्व-पश्चिम ओळींत असाव्यात, मधून जायला रुंद वाटा असाव्यात, अशा मागण्या मच्छीमारांनी केल्या. २०१९ साली त्या भागातल्या सगळ्या कंपन्यांनी पूर्व-पश्चिम ओळी आणि दोन चक्क्यांत एक सागरी मैल, म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर अंतर मान्य केलं. चार मैल रुंदीच्या वाटा मात्र मिळाल्या नाहीत. मॅसॅच्युसेट्सच्या मच्छीमारांसाठी सुमारे दोन कोटी डॉलर आणि ऱ्होड आयलंडच्या मच्छीमारांसाठी दीड कोटीहून जास्त डॉलर भरपाईपोटी ठरले. काही बोटी प्रकल्पाने टेहळणीसाठी भाड्याने घेतल्या: पुढे जाऊन कोणाची जाळी पाण्यात आहेत ते बघायचं आणि मोठ्या जहाजाला सांगायचं. ज्याला त्या पाण्यातली जाळ्यांची खूण ओळखता येते त्यालाच हे काम दिलं, हे मला शहाणपणाचं वाटतं. तरी विरोध संपला नाही. खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२५ साली न्यायालयाने ते ऐकायला नकार दिला. खटला हरलेला मच्छीमार पटलेला असतो असं नाही.

चौथा अर्थ समुद्रातल्या रहिवाशांचा. उत्तर अटलांटिकमधले राइट व्हेल जातीचे देवमासे आता चारशेहूनही कमी उरले आहेत. शिकारीने त्यांना जवळजवळ संपवलं. मोनोपाइल ठोकण्याचा आवाज पाण्यात फार लांब जातो, म्हणून जानेवारी ते एप्रिल ठोकणं बंद ठेवायचं, आणि बाकीच्या दिवसांत ठोकायच्या जागेभोवती तळावर छिद्रांचे पाइप टाकून हवेच्या बुडबुड्यांचा पडदा उभा करायचा असं ठरलं. बुडबुड्यांत आवाजाचा जोर मोडतो.

मग १३ जुलै २०२४ रोजी एका चक्कीचं पातं तुटलं. फायबर आणि फोमचे तुकडे वाहत नॅन्टकेट बेटाच्या किनाऱ्याला लागले. उन्हाळ्याचा भर हंगाम आणि किनारे बंद करावे लागले. पात्याचे थर कारखान्यात नीट चिकटले नव्हते, असं उत्पादक जीई व्हर्नोवानेच पुढे सांगितलं. कॅनडातल्या गास्पे इथल्या कारखान्यातली ही चूक. त्या कारखान्यातली बसवलेली पाती काढावी लागली. म्हणजे तेच जहाज, तीच क्रेन, तीच लाट, पण उलट दिशेने. वर्षभरानंतर जीई व्हर्नोवाने नॅन्टकेटला एक कोटी पाच लाख डॉलर द्यायचं मान्य केलं.

उचलण्याचं काम आणि लोकांचा विश्वास या दोन वेगळ्या खात्यांच्या गोष्टी समजल्या जातात, पण त्या जुलैत त्या एकच झाल्या. कारखान्यातल्या डिंकाची चूक पोरांच्या पायात रुतणारी फायबरची काडी होऊन किनाऱ्यावर आली, आणि वर्षानुवर्षांच्या बैठकांनी जे कमावलं नव्हतं ते एका आठवड्यात आणखी उणे झालं. २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी समुद्रातल्या नव्या पवन भाडेपट्ट्यांना स्थगिती दिली तेव्हा बाजूने बोलायला किनाऱ्यावर आणखी माणसं हवी होती.

जाफराबादचे खुंट

भारतात समुद्री पवनऊर्जेचं धोरण २०१५ साली आलं. गुजरातमध्ये पिपावावजवळ खंभातच्या आखाताच्या तोंडाशी समुद्रात वारा मोजण्याचं यंत्र २०१७ साली बसलं. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली: गुजरात आणि तमिळनाडू इथे पाचशे-पाचशे मेगावॅट. त्यातले ६०० कोटी दोन बंदरं या कामालायक करण्यासाठी. शंभरातले आठ रुपये धक्क्याला. पुढे निविदा निघाल्या आणि २०२५ साली रद्द झाल्या.

त्याच दिवशी, त्याच बैठकीत पालघरच्या वाढवण बंदरालाही मंजुरी मिळाली, ७६ हजार कोटींच्या वर खर्चाची. डहाणूच्या किनाऱ्यावरचा मच्छीमारांचा विरोध त्याआधी अनेक वर्षांपासून चालू होता आणि मंजुरीने तो मिटला नाही. ते बंदर या लेखाचा विषय नाही. पण किनाऱ्याला विचारणं शेवटी ठेवलं की काय होतं, हे मराठी माणसाला अमेरिकेत जाऊन बघायची गरज नाही.

उचलण्याची हिंमत आपल्यात आहे. बॉम्बे हायसाठी लागणारे लोखंडी सांगाडे माझगाव डॉकने बांधले आहेत, हजिऱ्यालाही मोठे सांगाडे तयार होतात, आणि पन्नास वर्षं अरबी समुद्रात ही कामं करणारे रिगर, वेल्डर, पाणबुडे मुंबईपासून रायगडपर्यंत पसरलेले आहेत. लुइझियानाच्या तेलवाल्यांनी ब्लॉक आयलंडला जे केलं ते इथे यांना करता येईल. कमी आहे ते चौरस मीटरला २० टन पेलणारा धक्का आणि एवढ्या उंचीवर पोचणारी जॅक-अप जहाजं.

आणि पिपावावला लागूनच जाफराबाद आहे. मुंबईच्या बाजारात येणारे बोंबील बऱ्याच प्रमाणात तिथून येतात. तिथले मच्छीमार, आपल्या वसई-सातपाटीच्या कोळ्यांसारखेच, डोल लावतात. डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडून उभं राहणारं पिशवीसारखं जाळं, आणि ते बांधण्यासाठी समुद्राच्या तळात लाकडी खुंट ठोकण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. कोणाचा खुंट कुठे, याची वाटणी आजोबांच्या काळापासून तोंडी ठरलेली असते. ती कोणत्याही सरकारी नकाशावर नसते. तिथला म्हातारा तांडेल तुम्हाला सांगू शकतो की कोणत्या जागी तळ घट्ट आहे, कुठे गाळ खुंट धरत नाही, आणि अमावस्येच्या भरतीला पाणी किती जोरात ओढतं. मोनोपाइल ठोकणाऱ्या इंजिनिअरलाही नेमकं हेच हवं असतं.

पुढची निविदा निघेल तेव्हा मेगावॅटचा आकडा मी नंतर वाचणार आहे. आधी बघायचं आहे ते धक्क्याच्या जमिनीबद्दलचं पान, आणि प्रकल्पाच्या नकाशावर जाफराबादचे खुंट कोणी मांडले आहेत का ते.